रिकाम्या झालेल्या खोल्यांचे शहर

बँकॉकला चार रात्री राहून येणाऱ्या जोडप्याला विमानाच्या तिकिटापेक्षा खोलीचे भाडे हलके जाते, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. मुंबई-पुण्याकडची मंडळी परत आल्यावर हिशेब सांगतात तेव्हा या स्वस्ताईची दोन कारणे ठरलेली असतात. पहिले म्हणजे, तो देशच स्वस्त. दुसरे म्हणजे, पाठीवर पिशव्या टाकून हिंडणाऱ्या गोऱ्या पोरांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तिथे स्वस्त मुक्कामाची प्रथा पाडली आणि त्यांच्या मागोमाग सगळ्यांची सोय झाली. दोन्ही कारणांत थोडे तथ्य आहे, पण खोली आली कुठून, हे त्यातले एकही सांगत नाही. भिंती, जिना, न्हाणीघर या वस्तू आधी कोणीतरी पैसे घालून बांधाव्या लागतात. आणि शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर बँकॉकमधली स्वस्त खोली सहसा स्वस्त प्रवाशासाठी बांधलेली दिसत नाही. ती बांधली गेली दुसऱ्याच कोणासाठी. तो निघून गेला आणि मागे उरलेल्या जागेचे तिसरेच काही होणे अडले, तेव्हा ती कमी भाड्यात प्रवाशाच्या वाट्याला आली. कोणीतरी जाणे आणि जागेचा दुसरा उपयोग अडणे, या दोन अटी जिथे जुळल्या तिथेच हा मुक्काम टिकला, असे माझे म्हणणे आहे.

पहिला थर चिनी. १७८२ मध्ये पहिला राम या राजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्वकाठी राजधानी वसवली, तेव्हा राजवाड्याच्या जागी असलेली चिनी वस्ती हलवून दक्षिणेला सामपेंगमध्ये नेली. ब्रिटनशी झालेल्या १८५५ च्या बाउरिंग तहाने सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, तांदूळ जगाच्या बाजारात खुला झाला आणि गिरण्या, धक्के, गोदामे यांना हमाल कमी पडू लागले. दक्षिण चीनच्या स्वातौ बंदरातून तरुण बोटी भरभरून आले. बहुतेक एकटे, चार पैसे गाठीला बांधून परत जाऊ असे म्हणत आलेले. त्यांना घर नको होते, पथारी पसरायला जागा हवी होती. ती मिळाली खाली गाळा आणि वर बिऱ्हाड अशा चिनी धाटणीच्या दुकानघरांत. ही घरे एकमेकांना खेटून ओळीने उभी असतात. दर्शनी रुंदी जेमतेम चार मीटर, आतली लांबी मात्र तिच्या तिप्पट-चौपट. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे उजेड-वारा येणार तो फक्त पुढून आणि मागून. वरच्या मजल्यावर फळ्या ठोकून खोल्या पाडल्या की पहिलीला रस्ता दिसतो, शेवटचीला गल्ली, आणि मधल्या सगळ्या आंधळ्या. म्हणून या फळ्या छतापर्यंत नेत नसत. वरच्या फटीला जाळी मारत, म्हणजे वारा फिरे आणि शेजाऱ्याचे घोरणेही. आजही बँकॉकच्या हॉटेलांच्या यादीत सर्वांत स्वस्त खोलीपुढे ‘खिडकी नाही’ असे लिहिलेले आढळते. पुष्कळदा त्याला मालकाच्या कंजूषपणापेक्षा सामाईक भिंतीचा हा जुना हिशेबच कारण असतो.

१९१६ मध्ये हुआ लाम्फोंगचे रेल्वे स्थानक उघडले, आणि स्थानक ते याओवारात रस्ता हा पट्टा अशा चिनी हॉटेलांचा झाला. मग १९४९ मध्ये सरकारने चिनी स्थलांतरितांचा कोटा वर्षाला दोनशेवर आणला. ज्या एकट्या माणसाच्या जिवावर ही हॉटेले चालत, त्याचे येणेच थांबले. आधी आलेले बायकापोरांचे झाले, दुकानदार झाले, थाई नावे घेऊन शहरात मिसळले. इमारती मात्र जिथल्या तिथे राहिल्या. पुढे फिरतीचे विक्रेते, गावाकडून येणारे व्यापारी आणि कालांतराने परदेशी तरुण त्याच जिन्याने वर जाऊ लागले.

दुसरा थर अमेरिकन, आणि तो पैशाने जाड होता. १९६० साली फील्ड मार्शल सारित थनारात यांच्या राजवटीत सरकारी पर्यटन संघटना सुरू झाली. त्याच वर्षी वेश्याव्यवसायावर बंदी घालणारा कायदाही झाला. १९६६ च्या करमणूक स्थळांच्या कायद्याने नृत्यगृहे, मद्यगृहे आणि मालिशगृहे परवाना घेऊन चालवण्याची वाट दिली, म्हणजे सहा वर्षांपूर्वी पुढल्या दाराने बाहेर काढलेला धंदा मागल्या दाराने घरात आला. १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना थोड्या दिवसांच्या विश्रांतीसाठी थायलंडमध्ये पाठवण्याचा करार झाला. सैनिकाच्या खिशात पगार होता आणि हाताशी दिवस मोजके होते. त्याच्यासाठी नव्या फेचबुरी रस्त्यावर, सुखुमवितच्या गल्ल्यांत आणि लुंफिनी बागेजवळच्या गामदुफ्लीच्या गल्लीत काँक्रीटची हॉटेले उठली. थंड हवेचे यंत्र, खोलीला जोडून न्हाणीघर, दोघांचा पलंग, जमल्यास पोहण्याचा तलाव. १९७६ च्या मध्यापर्यंत अमेरिकन फौजा थायलंडमधून गेल्या आणि या इमारती कर्जासकट मागे राहिल्या. गामदुफ्लीतले मलेशिया हॉटेल हे त्याचे ठळक उदाहरण. सैनिकांच्या काळात उभे राहिलेले हे हॉटेल सत्तरच्या दशकात काटकसरी प्रवाशांचे आवडते ठिकाण झाले. तिथल्या फलकावरच्या चिठ्ठ्या वाचून लोक पुढच्या वाटा ठरवत. तलावासकट खोली इतक्या कमी भाड्यात मिळे, कारण तो तलाव कोणा विद्यार्थ्याच्या ऐपतीचा विचार करून खणलेलाच नव्हता.

जोडप्याच्या मुक्कामाच्या दृष्टीने हा दुसरा थर निर्णायक आहे. चिनी हॉटेलांच्या तळाशी हिशेब होता तो माणसाचा आणि पथारीचा. सैनिकी हॉटेलांनी अख्खी खोली हे विक्रीचे माप केले. खोलीचा दर एक, मग आत एक निजो की दोघे. हे माप पुढे बँकॉकच्या अतिथिगृहांत सर्रास रुळले, आणि दोघांनी मिळून हिंडणाऱ्यांना त्याचा सरळ फायदा झाला. सामाईक निवासातल्या दोन खाटांचे भाडे कित्येकदा एका साध्या खोलीइतके होते, ते याच मापामुळे. दुसरी सवय त्याहून महत्त्वाची. बँकॉकच्या हॉटेलात पारपत्र मागतात, त्याची नोंद होते, कारण १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार परदेशी पाहुण्याची खबर घरमालकाने वा हॉटेलवाल्याने चोवीस तासांत द्यायची असते. पण दोघांचे आपसातले नाते काय, हे कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या कित्येक लॉजच्या काउंटरवर आडनावे जुळत नाहीत म्हणून जो उलटतपास चालतो, त्याच्याशी ताडून पाहिले की हा फरक डोळ्यांत भरतो. याचे श्रेय थाई समाजाच्या मोकळेपणाला देण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच पटते. थाई कुटुंबांत मुलीच्या वागण्याबद्दलचे दंडक कमी कडक नव्हते. हॉटेलातला मोकळेपणा घडला तो न विचारण्यावरच चालणाऱ्या धंद्यात. आज नवराबायकोला किंवा प्रेमी जोडप्याला तिथे जो सुखाचा एकांत मिळतो, त्याच्या पायाशी थायलंडच्या गरीब ईशान्येकडून आणलेल्या मुलींचे हाल आहेत, हे इतिहास लिहिताना गाळता येत नाही.

तिसरा थर खाओसान रस्त्याचा, आणि तो वरवर पाहता माझ्या म्हणण्याला छेद देणारा. राजवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, बांगलाम्फू भागात, १८९२ मध्ये पाचव्या रामाच्या कारकिर्दीत हा जेमतेम चारशे मीटरचा रस्ता झाला. आसपास तांदळाचा व्यापार होता, कालव्याने नावा येत. शेजारी बोवोन्नीवेत विहार, जिथे चौथा राम गादीवर येण्यापूर्वी मठाधिपती होता. भोवती सोनार, नृत्याचे पोशाख शिवणारे, छापखाने, शाळेचे गणवेश विकणारी दुकाने. पण तांदळाची वाहतूक कालव्यांवरून रेल्वे आणि बंदराकडे सरकली. ख्लोंग तोईचे बंदर दुसऱ्या महायुद्धानंतर चालू झाले, ट्राम १९६८ मध्ये बंद झाल्या, आणि शहराचा पैसा पूर्वेला सयाम चौक, प्रातुनाम, सुखुमवितकडे वाहू लागला. जुन्या शहरात मोठी घरे राहिली, त्यांतली कर्ती पोरे उपनगरांत गेली. १९८२ मध्ये राजधानीच्या द्विशताब्दीचा सोहळा झाला. राजवाडा डागडुजी करून झळाळला, नदीत राजनौकांची मिरवणूक निघाली, पाहुण्यांचा लोंढा आला आणि राजवाड्याजवळ स्वस्त हॉटेले फारशी नव्हती. त्या सुमारास खाओसानवरच्या काही घरांनी दोन-चार खोल्या भाड्याने दिल्या. सुरुवात इतकी साधी होती. घरची माणसे खाली, पाहुणे वर, दाराशी चपलांचा ढीग, न्हाणीघर एकच आणि नंबर लावून. तेव्हा इथेही खोली नवी बांधलेली नव्हती, रिकामी झालेली होती. गिऱ्हाईक शहराबाहेरून आले एवढेच, जागा मात्र शहराच्या आतल्या स्थलांतराने मोकळी केली होती.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. हे सगळे फिरवून सांगण्याची गरजच काय? मजुरी कमी, बात हे चलन स्वस्त, म्हणून खोली स्वस्त. मजुरीचा भाग आहेच. चादर धुणाऱ्या बाईचा पगार वाढला असता तर भाडेही वाढले असते. पण मजुरी हेच मुख्य कारण असते, तर सत्तरच्या दशकात रंगून हे स्वस्त मुक्कामाचे मोठे ठाणे व्हायला हवे होते. तिथे मजुरी बँकॉकहून कमी होती, पण व्हिसा सात दिवसांचा आणि खासगी धंद्याला वाव नाही. खोल्या रिकाम्या होऊनही बाजारात आल्या नाहीत. चलनाचा दाखला तर उलट दिशेने बोलतो. जुलै १९९७ पूर्वी डॉलरला सुमारे पंचवीस बात मिळत आणि तेव्हाही खाओसान भरलेलाच होता. जानेवारी १९९८ पर्यंत हा दर पन्नासच्या पुढे गेला, म्हणजे परदेशी माणसाला सगळेच निम्म्यात पडू लागले. या घसरणीने मुक्काम आणखी स्वस्त केला, पण तो जन्माला घातला नाही.

दुसरा आक्षेप प्रवास-पुस्तकांचा. टोनी आणि मॉरीन व्हीलर यांचे आग्नेय आशियात कमी खर्चात हिंडण्याचे पिवळ्या मुखपृष्ठाचे पुस्तक १९७५ मध्ये निघाले आणि एका पिढीने ते पोथीसारखे वाचले. त्यात नाव आले की हॉटेल भरे. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, युरोपातून जमिनीवरून भारतात येण्याची वाट बंद पडली आणि हा सगळा ओघ विमानाने थेट बँकॉकला उतरू लागला. १९८८ मध्ये पंतप्रधान झालेल्या चातिचाय चुनहावान यांनी इंडोचीनच्या रणभूमीची बाजारपेठ करण्याची भाषा केली. व्हिएतनाम आणि कंबोडिया खुले होऊ लागले, तशी खाओसानवरची तिकीट-व्हिसाची दुकाने फोफावली. हे सारे खरे असले तरी पुस्तक गिऱ्हाईक आणते, खोली आणत नाही. गंमत अशी की ते पिवळे पुस्तक लिहिले गेले सिंगापूरच्या एका आडगल्लीतल्या जुन्या चिनी हॉटेलात. लेखकांनाही तशीच उरलेली खोली परवडली होती.

सिंगापूरचे नाव निघाले, ते बरे झाले. माझ्या म्हणण्यातली दुसरी अट तिथे पारखून घेता येते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिथल्या बेंकूलेन रस्त्यावरही कप्पे पाडलेल्या खोल्या नि स्वस्त खाटा होत्या. तेही बंदराचे शहर, तिथेही चिनी दुकानघरे, तिथेही पांगलेल्या जुन्या वस्त्या. पण सरकारने जमिनी ताब्यात घेतल्या, जुन्या ओळी पाडल्या आणि नवे बांधले. रिकामी झालेली जागा रिकामी राहू दिली नाही, म्हणून स्वस्त मुक्कामही राहिला नाही. बँकॉकच्या जुन्या शहरात मात्र जागेच्या पायात अनेक बेड्या होत्या. पुष्कळ जमीन राजघराण्याच्या मालमत्ता-कार्यालयाची आणि विहारांची, तिच्यावर जुने भाडेकरू. शिवाय राजवाडा आणि विहारांची शिखरे झाकली जाऊ नयेत म्हणून ऐंशीच्या दशकापासून इमारतींच्या उंचीवर कडक मर्यादा. ही मर्यादा ओलांडली की काय होते, याचा पुरावा खाओसानपासून हाकेच्या अंतरावर आहे. न्यू वर्ल्ड नावाचे बाजारसंकुल १९८३ मध्ये उघडले. परवानगी चार मजल्यांची आणि बांधले अकरा. न्यायालयीन लढाईनंतर १९९७ मध्ये ते बंद पडले, वरचे मजले उतरवले, २००४ मध्ये पाडकामात एक भाग कोसळला. बिनछपराच्या सांगाड्यात पावसाचे पाणी साचले. डास होऊ नयेत म्हणून शेजाऱ्यांनी त्यात मासे सोडले आणि ते हजारोंनी वाढले. २०१५ मध्ये महापालिकेने ते पकडून नेले. ज्या भागात उंच बांधण्याचा हव्यास असा माशांच्या तळ्यात संपतो, तिथे दुकानघराच्या मालकापुढे वाटा थोड्याच उरतात. खाली दुकान, वर पाहुणे, ही त्यांतली सर्वांत सोपी.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ‘रिकामी झालेली जागा’ हा शब्दप्रयोग सोयीचा आहे. आधी घर रिकामे होते की पाहुणे परवडतात म्हणून भाडेकरूला बाहेर काढले जाते? ॲलेक्स गार्लंड यांची ‘द बीच’ ही कादंबरी १९९६ मध्ये आली, २००० मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, आणि खाओसानची भाडी चढली. मग गल्लीतले सोनार, गणवेशाची दुकाने, लहान भाडेकरू मागे सरकले हे उघड आहे. पहिल्या पिढीत जागा आपोआप मोकळी झाली, दुसऱ्या पिढीत ती मोकळी करवली गेली, इतकी दुरुस्ती माझ्या म्हणण्यात करायला हवी. तरीही एक गोष्ट नजरेआड करू नये. थायलंडच्या जमीन संहितेप्रमाणे परदेशी माणसाला सहसा जमीन विकत घेता येत नाही, आणि १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यातही हॉटेलचा व्यवसाय राखीव धंद्यांत मोडतो. त्यामुळे खाओसानवर भाडे खाणारा बहुधा तिथलाच घरमालक राहिला. विस्थापन झाले, पण ते एका थाई माणसाने दुसऱ्या थाई माणसाचे केले. त्याला वसाहतवाद म्हणणे सोपे आहे. शहरातल्या मालक-भाडेकरूंच्या जुन्या विषमतेचे ते नवे रूप आहे, असे म्हणणे जास्त अचूक.

गेल्या पंचवीस वर्षांत याच नियमाने चौथा थर चढला. १९९७ मध्ये बात कोसळला तसा बांधकामाचा फुगा फुटला, गाळे पडून राहिले. पुढच्या दशकांत तरुण थाई मालकांनी याओवारातच्या आसपासची जुनी दुकानघरे घासूनपुसून तिथे खाटांची वसतिगृहे थाटली. हिशेब पुन्हा माणशी झाला. कायदाही या लहान धंद्याच्या मागून चालत आला. २००४ च्या हॉटेल कायद्याखालच्या २००८ च्या नियमांनी चार खोल्या नि वीस पाहुण्यांपर्यंतच्या घराला हॉटेलच्या परवान्यातून सूट दिली. २०२३ मध्ये ही मर्यादा आठ खोल्या आणि तीस पाहुणे अशी वाढवली. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला आणि २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक भारतीय थायलंडला गेले. यांतली मराठी जोडपी खाओसानला संध्याकाळी फेरी मारतात, पण राहतात प्रातुनामला किंवा सुखुमवितवर नाना स्थानकाच्या आसपास. शाकाहारी जेवण जवळ, कपड्यांचा घाऊक बाजार जवळ. प्रातुनामच्या दारातून जाणारा फेचबुरी रस्ता म्हणजे अमेरिकन सैनिकांचाच जुना पट्टा. नाना हे नाव आले गुजराती मुसलमान वंशाच्या जमीनदार घराण्यावरून, आणि त्याच गल्ल्यांत त्या काळची हॉटेले अजून उभी आहेत. सहलीच्या कंपनीने ‘मध्यवर्ती ठिकाणी, रास्त दरात’ म्हणून दिलेली खोली मध्यवर्ती का आणि रास्त का, याचे उत्तर १९६७ च्या करारात सापडते.

तेव्हा स्वस्त मुक्काम हा प्रवाशाच्या हुशारीचा विजय मानू नये. चतुराईने दर पाडून घेणारा माणूस फार तर शे-दोनशे बात वाचवतो. हजारो बात वाचतात ते हमालांचे येणे थांबले म्हणून, एक युद्ध संपले म्हणून, कालव्यावरचा व्यापार मेला म्हणून आणि एका राजवाड्यासाठी उंचीची मर्यादा घातली गेली म्हणून. यातून पुढचा अंदाजही बांधता येतो. जुन्या शहराखालून मेट्रोची जांभळी मार्गिका नेण्याचे काम चालू आहे. ती आली की बांगलाम्फूच्या जमिनीला दुसरे उपयोग सुचू लागतील आणि स्वस्त खोली तिथून हलेल. पण ती नाहीशी होईल असे नाही. हे शहर सतत कोणालातरी बोलावते आणि काही वर्षांनी निरोप देते. कार्यालयांची मागणी ओसरली, एखाद्या देशाचे पर्यटक येईनासे झाले, एखादी बाजारपेठ मोबाइलवर गेली की तिच्या वरचे मजले मोकळे होतील. पुढच्या पिढीतल्या जोडप्याला परवडणारी खोली शोधायची असेल, तर दरांच्या याद्या चाळण्यापेक्षा आज तिथे कोणासाठी जोराने बांधकाम चालू आहे ते पाहावे. तोच माणूस निघून गेल्यावर त्यांची सोय होणार आहे.